एकीच्या दोघी

इला, ११ ऑक्टोबर १९७८

केहिंदेताई,

गुडघे टेकून नमस्कार. कागदावर जितके टेकता येतात तितके टेकले आहेत, उरलेले तू समोर आलीस की टेकीन.

मी आईच्या पोटातून तुझ्याआधी अर्धा तास बाहेर आले, तरी ताई तूच. जुळ्यांत मागून येते ती थोरली. तिनेच म्हणे धाकटीला पुढे धाडलेलं असतं, जा, जग चाखून बघ, बरं असेल तर रडून कळव. मी रडले आणि तू आलीस. हा नियम ज्याने केला तो भेटला तर मी त्याला चार शब्द सुनावणार आहे. जन्मापासून धावपळ माझी आणि मान तुझा.

तुझा पत्ता कापडवाल्या ओगुंडिरनने दिला. तो सांगत होता, तू तिकडे उत्तरेत जोस शहरात शाळेचे गणवेश शिवतेस, तिथल्या थंडीत दोन-दोन स्वेटर घालतेस, आणि लेक अयोका तुझ्या खांद्याला लागली आहे. आठ वर्षांची पोर खांद्याला! बाबांवर गेली म्हणायची. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या केसांना गुंडाळलेला दोरा तोंडात घालत होती.

लिहायचं कारण आई. तिला काचबिंदू झाला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्यासमोरच सांगितलं की याला उपाय नाही, आहे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल. तिला आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नाहीत. घरी आल्यावर रडली नाही की काही नाही, चवळी निवडायला बसली. मग म्हणाली, "तायवो, मला तुम्हा दोघींचा एक फोटो दे. लहानपणीचा नको, ते तुझ्या बाबांनी काढलेले सगळे मला पाठ आहेत. आता कशा दिसता ते हवंय."

म्हणून विचारते, एक दिवस येशील का? सकाळच्या बसने ये, फोटो काढू, दुसऱ्या दिवशी जा. माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. शेजारी बसलीस की पुरे.

जुनं उकरायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तू ते उकरशीलच, म्हणून एकदाच लिहिते. अयोकाची जुळी अशाके गोवरात गेली तेव्हा तू अयोकाला कडेवर घेऊन बाबांच्या स्टुडिओत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "हिला दोनदा बसव. एका फोटोत दोघी कर, बाबा करायचे तसं." मी नाही म्हटलं. आमच्या प्रार्थनामंडळात ते पाप समजतात, गेलेल्याची मूर्ती केल्यासारखं. पाळकांनी मनाई केली होती. त्यात मी काय करणार होते? तू त्याच आठवड्यात गेलीस.

आईसाठी ये.

तुझी
तायवो


इला, ६ नोव्हेंबर १९७८

केहिंदेताई,

उत्तर आलं नाही. टपालखात्याला शिव्या देऊन मी स्वतःची समजूत काढली आहे.

आई रोज विचारते, "लिहिलंस का?" मी म्हणते, लिहिलं. "उत्तर?" मी म्हणते, येईल. काल म्हणाली, "माझ्या डोळ्यांआधी येईल ना?" मी कामाचं निमित्त करून स्टुडिओच्या आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आतल्या खोलीत हल्ली माझं एक खूळ चाललं आहे. कशासाठी ते विचारू नकोस, कलेची हौस समज. एका फिल्मवर दोनदा उजेड पाडून बघते आहे. आधी डावीकडे बसायचं, भिंगावर झाकण लावायचं, उठून उजवीकडे बसायचं, पुन्हा झाकण काढायचं. मागे काळं कापड. काळं कापड उजेड गिळून टाकतं, म्हणजे रिकामी बाजू फिल्मवर कोरी राहते आणि दुसरीला तिथे जागा मिळते. ऐकायला चवळी निवडण्याइतकं सोपं. करायला घेतलं की तोंडाला फेस येतो.

पहिल्यांदा उजेड जास्त झाला. कापडाच्या चुण्या उमटल्या आणि माझ्या गालांतून आरपार दिसू लागल्या. मग रंगारीण ईया अलारोकडून नवं कापड आणलं, निळीत आठ वेळा बुडवलेलं. म्हातारी अजून तुझी आठवण काढते. "कशाला गं एवढं काळं?" म्हणून खोदून खोदून विचारत होती, तिला म्हटलं पडद्याला. दुसऱ्यांदा स्टूल माझ्या पोटातून दिसत होतं. तिसऱ्यांदा मधल्या दोन खांद्यांची गल्लत होऊन तिथे काचेसारखं काहीतरी झालं. वीज दिवसातून चारदा जाते, म्हणून दिव्यांचा नाद सोडला आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवून तेवढ्याच उजेडात बसू लागले. कमी उजेडात कापड काळं राहतं हे खरं, पण मग झाकण दहा-बारा सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ श्वास धरून बसायचं. बसायला दुसरं कोणी नाही, म्हणून मीच बसते.

झाकण काढायला जोसाया असतो. नवरा म्हणून उत्तम, घड्याळ म्हणून अगदी टाकाऊ. घड्याळात बघायला त्याला चष्मा लागतो आणि तो सापडत नाही, म्हणून आम्ही ठरवलं की त्याने एक कडवं गायचं. एक कडवं म्हणजे बारा सेकंद. पण गायनमंडळाचा प्रमुख तो! आवाज छान लागला की ध्रुवपद दोनदा म्हणतो. डावीकडची मी ठीक, उजवीकडची मी पिठात पडल्यासारखी पांढरी. मी ओरडले तर म्हणतो, "तिसऱ्या ओळीला सूर असा लागला होता, कसा सोडू?"

आठ दिवसांपूर्वी चटई झटकायला उचलली तर सिमेंटच्या जमिनीत दोन खिळे ठोकलेले सापडले, बसक्या डोक्याचे, एकमेकांपासून हातभर अंतरावर. इतकी वर्षं मी त्यांच्यावरून झाडू फिरवते आहे. ते बाबांचे. कोणी एकटं उरलेलं जुळं घेऊन आलं की ते सगळ्यांना बाहेर काढायचे, मलाही, आणि एकदा या खिळ्यावर आणि एकदा त्या खिळ्यावर बसवायचे. लोक म्हणायचे त्यांच्याकडे काहीतरी विद्या आहे. दोन खिळे होते, ताई. मी तिथेच खाली बसून राहिले आणि बाबांचा फार राग आला, आणि मग राग गेला.

खिळ्यांवर बसल्यापासून खांदे सुटे आले.

जोसाया परवा म्हणाला, "हे जमतंय तर. मग केहिंदेला तेव्हा नाही का म्हणालीस?" मी म्हटलं, ढग आलेत, आज पुरे.

एक सांगते आणि थांबते. उजवीकडे बसताना मी तुझी इथे राहून गेलेली निळी लुंगी नेसते आणि तू बसतेस तशी बसते. हनुवटी वर, कोणी बस म्हणायच्या आधीच बसल्यासारखी. बारा सेकंद तशी मान धरली की दुखायला लागते. तू ती जन्मभर कशी धरलीस?

तायवो


इला, १० डिसेंबर १९७८

केहिंदेताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस. पाणी घे.

मी एक चूक केली आहे आणि ती आता गावभर झाली आहे.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी तो फोटो पुरा केला. नोव्हेंबरच्या शेवटी कोरडा वारा सुटला, धुळीने ऊन दुधासारखं झालं आणि खिडकीतून हवा तसा मऊ उजेड आला. जोसायाचं कडवंही वेळेत संपलं. फिल्म धुतली तर दोघी! एक मी, एक तू. मीच क्षणभर फसले. तुझ्याशी बोलावंसं वाटलं. म्हटलं, झालं, आईची इच्छा पुरी करू. तिला सांगणार होते की तू ओशोग्बोपर्यंत आली होतीस, घाईत होतीस, तिथेच फोटो काढला. हो, खोटं. सरळ सरळ खोटं सांगणार होते.

मंगळवारी सकाळी अंगणात उन्हात बसवून तिच्या हातात फोटो दिला. तिने तो नाकाशी धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे नेला, एका वेळी एक डोळा, एक कान. मी ओशोग्बोची गोष्ट सांगायला तोंड उघडलं.

"ही तू," ती म्हणाली.

"हो. आणि ही..."

"हीपण तूच." तिने उजवीकडच्या हनुवटीवर बोट ठेवलं. मला लहानपणी तेलाचा चटका बसला होता ना, तो डाग. मी तिथे पावडर थापली होती. पावडरने डाग जरा पांढरा झाला, एवढंच.

मला वाटलं ती हसेल, फार तर रागावेल. तिचा चेहरा राखेसारखा झाला. फोटो मांडीवर ठेवून तिने माझं मनगट धरलं. "केव्हा गेली?" म्हणाली. "किती दिवस लपवलंस माझ्यापासून?"

ताई, मला तेव्हा कळलं. एकीच्या दोघी कधी करतात? दुसरी उरली नाही म्हणजे. बाबांनी जन्मभर दुसऱ्या कशासाठी तसा फोटो काढला नाही. गावातल्या प्रत्येक घरात तसा फोटो आहे तो एकाच कारणासाठी आहे. मी उजेड मोजत बसले, सेकंद मोजत बसले आणि हे एवढं मोठं समोर असून मला दिसलं नाही. आईला कमी दिसतं म्हणायचं आणि आंधळी मी!

मी घाबरून म्हटलं, "तसं काही नाही गं आई! ती नुसती प्रवासाला गेली आहे."

हसू नकोस. मला म्हणायचं होतं जोस. पण आपल्याकडे जुळ्यातलं एक गेलं की कोणी गेलं म्हणत नाही, प्रवासाला गेलं म्हणतात, हे मी कधी विसरले? तोंडातून शब्द निघाला आणि नेमकी ईया अलारो फाटकात उभी. काळ्या कापडाचा पडदा कसा दिसतो ते बघायला आली होती. तिने फोटो पाहिला, आईला पाहिलं, माझं वाक्य ऐकलं आणि डोक्याचं फडकं सोडून जमिनीवरच बसली. "अगं ईया इबेजी! अगं जुळ्यांच्या आई! आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही गं!"

ती रडते कशी तुला माहीत आहे. तिसऱ्या गल्लीतून लोक आले. तासाभरात अंगणात चाळीस बायका. मी प्रत्येकीला सांगत होते, जिवंत आहे, जोसला आहे, शिवणकाम करते. प्रत्येक जणी माझा हात दाबून म्हणत होती, "हो गं बाई, हो. आहे. ती कुठे जाणार?" जितकं जोरात सांगावं तितकं त्यांना जास्त रडू येई. गायनमंडळ आलं. जोसायाने काय करावं? त्यालाही कोणीतरी पुढे केलं आणि त्याने तुझ्यासाठी दोन गीतं म्हटली. मी नंतर त्याला विचारलं, तुला तर माहीत होतं ना रे? म्हणतो, "सगळे थांबले होते, काय करू? आणि ती जिवंत असली तरी गीतात काही वाईट नव्हतं."

गंमत एवढीच. पुढे गंमत नाही. आईने त्या दिवसापासून कुटलेलं कोनफळ तोंडात घातलेलं नाही. पेजेचे दोन घोट घेते. मी शपथा घेतल्या. ओगुंडिरनला आणलं, त्याने तुला सप्टेंबरात पाहिल्याचं सांगितलं. ती म्हणते, सप्टेंबर केव्हाच होऊन गेला. "तुझ्या हातात एकीच्या दोघी होतात, तायवो. तुझ्या शब्दावर मी कशी विश्वास ठेवू? असेल तर तिने बोलावं."

तुझं माझ्याशी भांडण आहे, ते राहू दे. मी त्याबद्दल आज काही मागत नाही. आईला दोन शब्द पाठव. ती तुला गेलेली समजून अंधारात जाईल, आणि तिला तिथे मी ढकललेलं असेल.

तायवो


इला, १९ डिसेंबर १९७८

केहिंदेताई,

तार काल पोचली. माझं पत्र तुला अजून मिळालंही नसेल, मग तुला कळलं कसं, याचा मला उलगडा होईना. संध्याकाळी ओगुंडिरनने सांगितलं तेव्हा मी भिंतीला धरून हसले. जोसमधल्या आपल्या गावच्या मंडळींना कोणा बसवाल्याकडून बातमी गेली, ती सगळी पांढरे कपडे घालून तुझ्या घरी सांत्वनाला आली आणि दार तूच उघडलंस! तोंडात टाचण्या, गळ्यात टेप! एक जण म्हणे पायऱ्यांवरून मागे पडला. त्याला फार लागलं नाही ना?

टपालवाल्याने अंगणात उभं राहून वाचली. "मेले नाही. शिवतेय. केहिंदे." आईने त्याला पुन्हा वाचायला लावली. मग जोसायाला. मग मला. मग शाळा सुटल्यावर जाणाऱ्या एका मास्तरांना हाक मारून त्यांना. मी घाबरत विचारलं, "पटलं का? तार काय, कोणीही करू शकतं." ती म्हणाली, "कोणीही 'मेले नाही' एवढं करेल. 'शिवतेय' हा उद्धटपणा माझ्याच पोरीचा." आणि चवळी मागितली, पामतेल घालून. दोन वाट्या खाल्ली. मी चुलीपाशी तोंड फिरवून रडून घेतलं.

ईया अलारोची मात्र अजून खात्री पटलेली नाही. ती म्हणते तारा मेलेल्यांच्याही येतात.

आता तुला एक सांगायचं आहे. तू तीन शब्द लिहिलेस, तेही आईसाठी, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. तरी लिहिते. सात वर्षं हे मी कोणाजवळ बोलले नाही, जोसायाजवळही नाही.

पाळकांनी मनाई केली नव्हती. मी त्यांना विचारलंच नव्हतं. गेल्या रविवारी विचारलं. ते म्हणाले, "आईने लेकराचा फोटो ठेवला तर देवाचं काय जातं?" इतकंच. एका मिनिटात.

मला येत नव्हतं, ताई.

बाबा जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. सगळं गाव म्हणत होतं, मुलगी बापासारखीच आहे, हात तोच. मी पासपोर्टचे फोटो काढत होते, लग्नाचे काढत होते, पण ती दोनदा बसवण्याची विद्या त्यांनी मला दाखवली नव्हती. शिकवू म्हणाले, मग गेले. तू दारात उभी होतीस, अयोका कडेवर, डोळे सुजलेले, आणि मी तुला सांगू शकले नाही की मला हे जमत नाही. तुझ्यासमोर तर नाहीच. तू थोरली, तुला सगळं येतं. म्हणून मी देवाला पुढे केलं. पाप आहे म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. तुझं लेकरू गेलं होतं आणि तू पाप मागते आहेस असं मी तुला तोंडावर सांगितलं, का, तर माझं अडाणीपण झाकलं जावं. त्यानंतर जी जी आई तसं लेकरू घेऊन आली तिला मी हेच सांगितलं आणि शेजारच्या गावी पाठवलं. गावात माझा मान वाढला. तायवो फार धार्मिक आहे म्हणे.

यासाठी माफी मागायला शब्द पुरत नाहीत, पण मागते. माफ कर. नाही केलंस तरी मी रागावणार नाही.

आणि आता मला येतं. नाताळात अयोकाला घेऊन ये. आईला तुला हाताने चाचपायचं आहे. फोटोचं मी काही म्हणत नाही. तू सांगितलंस तर काढीन, नाही सांगितलंस तर विषयसुद्धा काढणार नाही. खोली झाडून ठेवते.

तायवो


इला, १४ जानेवारी १९७९

केहिंदेताई,

गुडघे टेकून नमस्कार. प्रत्यक्षातही टेकले होते हे तू पाहिलं आहेस, बसस्थानकावर, धुळीत, सगळ्या फेरीवाल्यांसमोर. तू आधी पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "ऊठ, लुंगी मळेल. माझीच दिसते आहे." सात वर्षांनंतरचं तुझं पहिलं वाक्य! मला ते पुरलं.

तू गेल्यापासून घर रिकामं वाटतं. ईया अलारो रोज येऊन तू बसलेल्या बाकाला हात लावून बघते. तू तिला तिच्याच हातची चवळीची अकारा खाऊन दाखवलीस तरी ती म्हणते, खाल्ली खरी, पण किती खाल्ली ते बघितलंत का, जिवंत माणूस एवढे वडे खात नाही.

तो माझा फोटो तू भिंतीवर पाहिलास आणि "मी एवढी जाडी नाही" म्हणालीस तेव्हा आई हसली, आणि तुझं तोंड दोन्ही हातांत धरून नाकाशी नेलं, कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, फोटो बघते तसंच. डाग नाही म्हटल्यावर सोडलं. तो फोटो मी उतरवला. आता त्या जागी आपला दोघींचा खरा आहे. त्यात तू डोळे मिटलेस, पण आई म्हणते चालेल, तिचे उघडे आहेत तोवर.

माझ्या शेवटच्या पत्राबद्दल तू चार दिवस अवाक्षर काढलं नाहीस. मला वाटलं मिळालंच नाही. मग वाटलं मिळालं आणि तू ठरवलं आहेस. मी चार दिवस तुझ्या पाठीकडे बघत होते. विचारायचं नाही असं लिहून बसले होते, म्हणून विचारलं नाही. रोज खोली झाडत होते.

आता तुला हे कळवायचं आहे, कारण तू तेव्हा आत नव्हतीस. तू बाहेर आईजवळ अंगणात पाठमोरी बसली होतीस, मी खिडकीतून पाहिलं.

जायच्या दिवशी सकाळी मी ट्रे धूत होते. दारात अयोका, तू शिवलेला तो पिवळा फ्रॉक घालून. धडा म्हणून दाखवावा तशी म्हणाली, "मावशी, आई म्हणाली, मला दोनदा बसवा."

माझ्या हातातला ट्रे पडला. तो आवाज तू ऐकला असशील.

मी खिडकी चार बोटं उघडली, काळं कापड ताणलं. जोसायाला बोलावलं नाही. सेकंद मनातच मोजायचे ठरवले. अयोका सगळं बघत होती. मी तिला सांगितलं काय करणार आहोत ते, आधी इथे, मग तिथे, आणि हलायचं नाही. तिने विचारलं, "आधी मी मी होऊ, की आधी ती?"

मी म्हटलं, आधी तू तूच हो.

ती उजवीकडे बसली. काय बसली ताई! हनुवटी वर. बारा सेकंद पापणी नाही हलली. मी झाकण लावलं आणि ती उठून दुसऱ्या खिळ्याशी गेली आणि तिथे उभीच राहिली.

"ती कशी बसायची?"

मी म्हटलं, "बाळा, ती चौदा महिन्यांची होती. मला माहीत नाही. तुला वाटेल तशी बस."

तिने थोडा विचार केला. मग बसली, जरा पुढे झुकून, हात गुडघ्यांत धरून, आणि मान रिकाम्या जागेकडे वळवली, जिथे आधी ती स्वतः बसली होती तिकडे. मी झाकण काढलं. तीन, चार, पाच. आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. मी तेव्हाच झाकण लावून नवी फिल्म घालायला हवी होती, कोणीही घातली असती. कपाटात तीन होत्या. माझा हात उचलला गेला नाही. मी बारापर्यंत मोजलं.

फोटो सोबत पाठवते आहे. काल धुतला. डाग नाही, चुणी नाही, खांदे सुटे. उजवीकडची समोर बघते आहे, डावीकडची तिच्याकडे. डावीकडचीचं तोंड तेवढं पुसट आलं आहे, कारण ती बोलते आहे. मी आईला म्हटलं, हे बिघडलं, मी उन्हाळ्यात जोसला जाऊन पुन्हा काढीन. आईने फोटो नाकाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला. उजवीकडचीवर बोट ठेवून म्हणाली, "अयोका." मग डावीकडे नेलं आणि म्हणाली, "अशाके." आणि मला म्हणाली, "काही करायचं नाही. ती इतक्या दिवसांनी बोलते आहे, तू मध्ये पडू नकोस."

काय बोलते आहे ते मात्र मला कळलेलं नाही. तुला कळलं तर ते तुझ्यापाशी ठेव. मी त्या दिवशी झाकण लावल्या लावल्या अयोकाला विचारलं होतं, "काय गं, काय म्हणालीस?"

ती स्टुलावरून उतरली, फ्रॉक सारखा केला आणि म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले मावशी? तेव्हा तर मी अशाके होते."

तुझी
तायवो